हाली, कलदार आणि दिरहम

तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात येऊन गेला. १६७६ साली पॅरिसला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात एक यादी आहे. कुठल्या शहरातून सुरतेवर हुंडी, म्हणजे दुसऱ्या गावी पैसे मिळवून देणारी चिठ्ठी, केली तर शेकडा किती पडतात, याची. लाहोराहून सव्वासहा, आग्र्याहून सव्वाचार ते पाच, पाटण्याहून सात ते आठ, ढाक्याहून दहा, गोव्याहून चार ते पाच, अहमदाबादेहून एक ते दीड. आणि आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बँकेच्या परकीय चलन विभागात काम करत होतो. बऱ्हाणपूरचा आकडा डोक्यात जो बसला तो निवृत्त होऊन खानदेशातल्या धरणगावी, माझ्या गावी, परतलो तरी गेला नाही. कारण साधं आहे. आज नेहमीचं बँकेचं कार्ड घेऊन तुम्ही दुबईला किंवा फ्रँकफुर्टला गेलात, तर बरीचशी कार्डं चलन बदलण्याचे शेकडा साडेतीन रुपये लावतात आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. लाखाच्या खर्चावर साडेतीन हजार आणि वर सहाशे तीस. बऱ्हाणपूर-सुरतेची हुंडी मात्र तीन रुपयांत सुटायची, आणि त्या तीन रुपयांत काय काय होतं ते बघा. हुंडी दोन महिन्यांच्या मुदतीची, म्हणजे दोन महिन्यांचं व्याज आलं. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे बुडाले, म्हणजे जोखीमही आली. रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर अशी ती तापीकाठची वाट. जंगलातून जाणारी, चौकीगणिक जकात मागणारी. एवढं सगळं धरून तीन.

गावातली मुलं आता बाहेर जातात. कुणी पुण्याच्या कंपनीतून जर्मनीला, कुणी आखातात गॅरेजवर. आईबाप संध्याकाळी येतात. ‘मना पोऱ्या दुबईले चालना’ अशी सुरुवात होते आणि पैसा कसा न्यायचा हा प्रश्न येतो. मी त्यांना जे सांगतो त्यातलं बहुतेक याच गावाच्या इतिहासात आहे. चलन बदलताना पैसा कुठे गळतो, हे धरणगावाने साडेतीनशे वर्षं पाहिलेलं आहे.

१६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीने धरणगावात वखार घातली. चोपड्याकडून तापी उतरून अलीकडे आलं की हे गाव. कापडासाठी त्या काळी नावाजलेलं. इंग्रजांना कापड हवं होतं आणि विणकराला रोख रुपया. ती रोख विलायतेहून निघायची स्पॅनिश रियालांच्या रूपात. सुरतेच्या टांकसाळीत त्यांचे रुपये पाडून घ्यावेत तर नंबर लागायला वेळ जाई, आणि तोवर खरेदीचा हंगाम निघून जाई. म्हणून कंपनी पुष्कळदा ती चांदी सुरतेच्या सराफांनाच विकायची आणि त्यांच्याकडून चालू रुपये घ्यायची. इथे पहिला बट्टा, म्हणजे बदलताना होणारी कपात.

मग रुपयाचेही प्रकार. चालू वर्षाचा नवा शिक्का असलेला रुपया पूर्ण भावाने चाले. जुन्या सालाचा, हाताळून झिजलेला रुपया वजनाला बरा असला तरी कमी भावाने घेतला जाई. त्यात बागलाणची महमुदी. मुल्हेरच्या टांकसाळीतून निघालेलं हे चांदीचं नाणं सुरतेपर्यंत चालत होतं, साधारण सव्वादोन महमुद्यांचा एक रुपया. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण घेतलं तरी बाजारातल्या महमुद्या एका दिवसात नाहीशा झाल्या नाहीत. म्हणजे सुरतेहून खानदेशात येणाऱ्या माणसाच्या कशात दोन-तीन जातींची नाणी असायची, आणि दर मुक्कामी सराफ ती वाजवून, तोलून, कसाला लावून सांगायचा की ह्याला इतकं, त्याला तितकं. हिंदुस्थानात सराफ नसलेलं गाव म्हणजे अगदीच लहान गाव, असं तावेर्नियेनेच नोंदवून ठेवलं आहे.

या सराफांना चोर ठरवणं मला पटत नाही. नाण्याची पारख हे काम होतं, त्याला कौशल्य लागायचं आणि खोटं नाणं घेतलं तर नुकसान त्याचंच होतं. प्रवाशाचं नुकसान व्हायचं ते एका सराफामुळे नव्हे, तर वाटेत चार सराफ गाठावे लागल्यामुळे. रियालचा रुपया, रुपयाची महमुदी, उरलेल्या महमुदीचा पुन्हा रुपया. प्रत्येक वेळी शेकड्याला एक-दीड गेला तरी धरणगावला पोचेपर्यंत रकमेचा एक कोपरा उडालेला असे. हुंडीने हेच वाचवलं. सुरतेत एकदा रक्कम भरायची, कागद घ्यायचा आणि बऱ्हाणपूरच्या पेढीवर तिथल्या चालू रुपयांत उचलायची. बदल एकच, दर आधी ठरलेला. विरजी व्होरासारख्या सुरतेच्या सावकाराची माणसं बऱ्हाणपुरात, आग्र्यात बसलेली होती ती यासाठीच. इंग्रज त्याचे कर्जदार होते.

हुंडीचा दुसरा गुण तिच्या लिखाणात होता. आमच्या घरी आजोबांच्या आडतीच्या दप्तरात फेडलेल्या हुंड्या होत्या. सराफीच्या भाषेत त्यांना खोका म्हणतात. लहानपणी मी त्या वाचायचा प्रयत्न करायचो. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग तिची निम्मी सांगून ‘त्याचे दुप्पट पूर्ण’. खाडाखोड करणाऱ्याला तीन ठिकाणी खाडाखोड करावी लागावी म्हणून. दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर दिवस भरल्यावर. शाहजोग असेल तर बाजारातल्या पत असलेल्या शाहूमार्फतच पैसे मिळणार, कुणीही उचलून नेलेली हुंडी वटणार नाही. हरवली तर पैठ लिहून मिळायची, पैठही हरवली तर परपैठ. आज कार्ड हरवल्यावर बँकेला फोन करून ते बंद करतात आणि नवं मागवतात, त्यामागची व्यवस्था यापेक्षा फार वेगळी नाही.

त्या काळात या सोयीची गरज किती होती ते धरणगावच्याच नशिबावरून कळतं. वखार पडल्यावर वर्षभरातच, १६७५ मध्ये, शिवाजी महाराजांच्या फौजेने हे गाव लुटलं. १६७९ मध्ये पुन्हा. १६८५ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने. धरणगाव मोगलांच्या मुलखात होतं आणि श्रीमंत होतं, त्यामुळे हे होणारच होतं. अशा गावात नाण्यांच्या थैल्या ठेवणाऱ्याचं सगळं जायचं. ज्याची रक्कम अजून सुरतेच्या पेढीवर हुंडीत होती, त्याची तेवढी राहायची.

१६७४ म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचंही वर्ष. हेन्री ऑक्झेंडन कंपनीचा वकील म्हणून रायगडावर होता, आणि त्याने आणलेल्या कलमांत एक असं होतं की मुंबईत पाडलेली कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत. महाराजांचं उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेलं आहे. कुठलंही नाणं चालण्यावर आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्ती आम्ही करू शकत नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं चोख आणि वजनदार असेल तर ते आपोआप चालेल. परकीय चलनाच्या खिडकीवर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, विनिमयाबद्दल याहून स्वच्छ बोलणं मी कुठल्या परिपत्रकात वाचलेलं नाही. ज्याला ते नाणं उद्या बाजारात चालवायचं आहे त्याच्या बाजूने हा विचार केलेला आहे.

पुढची दीडशे वर्षं खानदेशात नाण्यांचा गोंधळ वाढतच गेला. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया, शेजारच्या संस्थानांचे आणखी. सरकार वसुली एका जातीच्या रुपयात धरी, बाजारात कापूस विकून हाती पडे दुसऱ्याच जातीचा, आणि मधला बट्टा कुणब्याच्या अंगावर येई. १८१८ मध्ये इंग्रज अंमल आला, त्यांचा अधिकारी ब्रिग्ज धुळ्याला बसला. शेवटी १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, त्यात बाराव्या हिश्शाची भेसळ. सराफकट्ट्यावरचा मोठा धंदा त्या कायद्याने बुडाला आणि साध्या माणसाचा फायदा झाला, यात मला शंका नाही.

नोटांनी मात्र पुन्हा तोच प्रकार आणला. १८६१ च्या कायद्यानंतर सरकारने नोटा काढल्या त्या मंडळांच्या. मुंबई मंडळाची नोट मुंबई मंडळातच कायद्याने चाले. खानदेशचा व्यापारी ती घेऊन मंडळाबाहेर गेला तर तिथला सराफ वटाव कापून घ्यायचा. देश एक, राणी एक, तरी नोटेला सरहद्द होती. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये, दहा आणि पन्नासची १९१० मध्ये आणि शंभराची १९११ मध्ये मंडळाच्या बंधनातून मोकळी झाली.

याच काळात धरणगाव कापसाचं गाव बनलं होतं. १८५५ मध्ये सरकारने इथे सरकी काढायचा कारखाना घातला होता, अमेरिकेतल्या यादवीत कापसाचे भाव चढले, जळगावला आगगाडी आली आणि पुढे विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरतेची तापी लाइन आमच्या गावावरून गेली. आजोबा त्या गजबजलेल्या धरणगावचे. आडतीचा धंदा, आणि त्या धंद्यासाठी त्यांचं मोगलाईत जाणंयेणं.

मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. पाचोऱ्यावरून शेंदुर्णीपर्यंत आपला इंग्रजी मुलूख आणि पलीकडे सोयगाव, फर्दापूर, अजिंठा निजामाचं. तिथे टपाल वेगळं, जकात वेगळी आणि रुपया वेगळा. त्यांचा तो हाली आणि आपला तो कलदार. सरकारी भाव शंभर कलदाराला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. तोंडी हिशेब सोपा होता, सहा कलदार म्हणजे सात हाली. खानदेशच्या त्या काठावरच्या पोराला हा पाढा शाळेत न जाताही येत असे.

आजोबा मी पाहिले ते थकलेले. त्यांचा मोगलाईचा हिशेब मला वडिलांनी सांगितला, आणि बँकेत लागल्यावर तो मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. सोयगावच्या बाजारात कुठलाही दुकानदार कलदार आनंदाने घ्यायचा. नवखा माणूस खूश व्हायचा, बरं झालं, मोड करायला नको. पण चौदा हालीची वस्तू असली तर सातास सहाच्या हिशेबाने बारा कलदार व्हायला हवेत, आणि दुकानदार सांगायचा तेरा. ‘तुमचंच नाणं घेतो, तुम्हाला कशाला त्रास,’ असं वर म्हणायचा. एक रुपया गेला, शेकडा आठाच्या वर गेला, आणि गिऱ्हाइकाला वाटायचं सोय झाली. आजोबा आधी सराफाकडे जाऊन लागतील तेवढे हाली घ्यायचे आणि बाजारात हालीच मोजायचे. सराफ कापायचा ते आण्या-दोन आण्यांत कापायचा, कारण पाच पावलांवर दुसरा सराफ बसलेला होता. दुकानदाराला कुणाशी स्पर्धा नव्हती.

परदेशात आज हेच दुकान यंत्राच्या रूपात उभं आहे. दुबईच्या मॉलमध्ये किंवा पॅरिसच्या हॉटेलात कार्ड लावलं की पडद्यावर विचारतात, रुपयांत फेड करता की दिरहममध्ये, युरोमध्ये? रुपयाचा आकडा ओळखीचा दिसतो, माणूस तो दाबतो. तिथे दर लावतो तो दुकानदाराच्या बाजूचा व्यवहार सांभाळणारा, तुमची बँक नव्हे, आणि तो दर बहुतेक वेळा बँकेच्या दरापेक्षा चांगलाच चढा असतो. एटीएमही तोच प्रश्न विचारतं. दोन्हीकडे तिथल्या देशाचं चलन निवडायचं. मी जाणाऱ्या पोरांना हे एका वहीच्या पानावर लिहून देतो, कारण काउंटरवर मागे रांग असते आणि घाईत हात ओळखीच्या नावाकडे जातो.

एका गोष्टीत मात्र आजोबांचा नियम जशाचा तसा लागू होत नाही. त्यांच्या काळी कलदार हे मागणी असलेलं नाणं होतं. मोगलाईत कलदार नेला तर सराफ पुढे होऊन घ्यायचा. उलट हाली घेऊन जळगावला आलेल्या माणसाला कुणी नीट भाव देत नसे. परदेशात आपला रुपया आज हालीच्या जागी आहे. पॅरिसच्या विमानतळावर रुपयाच्या नोटा बदलायला काढल्या तर मिळणारा भाव बघवत नाही. म्हणून मोड इथेच करून जावी, आणि तीही निघण्याच्या रात्री मुंबईच्या विमानतळावर नव्हे. आठवडाभर आधी, दोन ठिकाणी भाव विचारून.

भाव विचारायचा, यावर मी पुन्हा पुन्हा जोर देतो. मी खिडकीवर बसायचो तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण कमिशन विचारायचा, दर क्वचितच कुणी. त्याला कारण आमचा इतिहास आहे. १९५७ च्या सुमाराला परकीय चलनाची टंचाई आली आणि पुढची कित्येक वर्षं परदेशी शिकायला जाणारा मुलगा खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसायचा. जे मिळतंय तेच नशीब, त्याचा भाव काय विचारणार? १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने तर डॉलर बाळगणं हाच गुन्ह्याच्या जवळचा विषय केला. १९९९ चा नवा कायदा आला, २००४ मध्ये दर माणशी वर्षाला २५ हजार डॉलर नेण्याची मोकळीक झाली, आज ती अडीच लाखांवर आहे. टंचाईची सवय मात्र मनातून निघालेली नाही.

दराच्या फलकावर एकच डॉलर चार-पाच भावांनी लिहिलेला असतो. तारेने पाठवायचा असेल तर एक, नोट हवी असेल तर त्याहून चढा, कारण नोटा विमा उतरवून विमानाने आणाव्या लागतात आणि तिजोरीत पडून राहतात. बँक नोट विकते एका भावाने, परत घेते दुसऱ्याच भावाने. या दोन भावांतलं अंतर हाच खरा बट्टा. ‘शून्य कमिशन’ अशी पाटी लावलेल्या दुकानात तो अंतरात गेलेला असतो. वर्तमानपत्रातला किंवा मोबाइलवरचा बाजारभाव पाहायचा, दुकानाचा भाव पाहायचा, वजाबाकी करायची आणि शेकड्यात काढायची. लाखापर्यंतच्या रकमेवरचा जीएसटी फार तर एकशेऐंशी रुपये होतो, तो वेगळा धरायचा. एवढा हिशेब केला की कोणत्याही पाटीची गरज उरत नाही.

दुबईला जाणाऱ्यांच्या बाबतीत बागलाणच्या महमुदीची आठवण येते. प्रवासी कार्डात डॉलर भरून घेतात आणि तिथे दिरहममध्ये खर्च करतात. रुपयाचा डॉलर, डॉलरचा दिरहम, दोन बदल. डॉलर आणि दिरहमचं नातं १९९७ पासून ३.६७२५ वर बांधलेलं आहे, त्यामुळे भाव हलत नाही असं लोक म्हणतात. भाव हलत नसला तरी दुसऱ्या बदलाचा आकार बरीच कार्डं लावतात. जायचं दुबईला असेल तर कार्डात दिरहमच भरून मागावेत. तसंच एटीएमचं. दर वेळी ठरावीक आकार लागत असेल तर पाच वेळा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावेत. चलन बदलण्याचा वेगळा आकार न लावणारी कार्डंही आता मिळतात. वर्षातून दोनदा बाहेर जाणाऱ्याने ती शोधावीत.

सहाला सात असा ठरलेला पाढा आजही एका सरहद्दीवर चालतो. खानदेशातून पशुपतिनाथाच्या यात्रेला बसगाड्या जातात. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० वर बांधलेला आहे, शंभराचे एकशेसाठ. तिथले दुकानदार आपली शंभराची नोट घेतात, आणि काही जण तिचे दीडशेच धरतात. गावच्या यात्रेकरू बाया निघण्याआधी माझ्याकडून दहा-वीस-पन्नास-शंभराचा हिशेब लिहून नेतात. परत आल्या की कुठल्या दुकानात किती धरले ते सांगतात, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्यांच्या कागदावर मी ते लिहून ठेवतो.

राहिला प्रश्न उरलेल्या पैशांचा. आजोबा हाली परत आणत नसत. शेवटच्या दिवशी उरलेल्या हालीतून सोयगावच्या बाजारात घरासाठी काहीबाही घेऊन कसा रिकामा करायचे, कारण परत कलदार करायला पुन्हा बट्टा. पन्नासच्या दशकात हाली रद्द झाला तेव्हा आमच्या घरात त्याचं एकही नाणं नव्हतं. परदेशाहून निघताना हॉटेलच्या बिलात आधी उरलेली रोख भरावी आणि बाकी रक्कम कार्डाने द्यावी, बहुतेक हॉटेलं हे चालवून घेतात. नोटा तरीही राहिल्या तर दोन हजार डॉलरपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं. त्याहून जास्त असेल तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला विकायचं. सुटी नाणी मात्र इथे कुणी घेत नाही, ती तिकडच्याच विमानतळावर चहात घालवावीत.